पुसलेला पृथ्वीगोल

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर आईवडील सोडून मी एकच नाव घेईन : कुमुदिनी तावडे. त्यांनी मला शाळेत शिकवलं नाही. नोकरीला लावलं नाही. त्या माझ्या नात्यातल्या नव्हत्या, गावच्याही नव्हत्या. त्यांनी मी शिकवत असलेल्या आठवीच्या वर्गाला हाताने फिरवायचं एक शिलाई मशीन दिलं, एवढाच आमचा व्यवहार. पण आज मी जसा शिकवतो तसा शिकवतो, ते त्यांच्यामुळे.

सगळे त्यांना तावडेबाई म्हणत. लालबागच्या चाळीत वाढलेल्या, वडील गिरणीत, आई घरी गिरणीवाल्यांची खाणावळ चालवणारी. घरात मॅट्रिक झालेल्या पहिल्या त्याच. पुढे गिरगावातल्या मुलींच्या एका शाळेत त्यांनी निवृत्तीपर्यंत भूगोल शिकवला. त्या शाळेच्या स्टाफरूममध्ये खडूचा एक रिकामा डबा असे. पगाराच्या दिवशी ज्याला जे जमेल ते त्याने त्यात टाकायचं, कोणी किती टाकलं ते बघायचं नाही. कुणा शिक्षकाला वर्गासाठी काही हवं असलं, नकाशा, भिंग, रंगाच्या बाटल्या, आणि शाळेकडून मिळत नसलं, की डबा उघडायचा. ही पद्धत बाईंनीच पाडलेली. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी त्यांना विचारलं, भेट म्हणून काय देऊ? बाई म्हणाल्या, "तो डबा द्या."

मग जुन्या विद्यार्थिनी त्यात पैसे टाकू लागल्या. रीतसर नोंदणी झाली, बँकेत खातं उघडलं, एक भारदस्त नावही ठेवलं गेलं. ते नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही. परळ, दादर, शिवडीकडच्या मराठी शाळांतले आम्ही शिक्षक त्याला "डबा"च म्हणायचो. "आमच्या प्रयोगाचं सामान डब्यातून आलं" असं कुणी सांगितलं की दुसऱ्याला कळायचं. रक्कम नेहमी लहान असे, एका वर्गाच्या एका उपक्रमापुरती. अटी दोन-तीनच. फोटो काढायचा नाही. वस्तूवर कुणाचं नाव घालायचं नाही. आणि वर्षभराने बाई बघायला येणार, तेव्हा वस्तू नवी दिसता कामा नये.

ही शेवटची अट ऐकून पहिल्यांदा प्रत्येक जण हसायचा. मीही हसलो होतो.

मी माणदेशातल्या एका तालुक्याच्या गावी शिकलो. वडील मार्केट यार्डात हमाली करायचे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. गणिताचा शिक्षक म्हणून मुंबईत आलो आणि कॉटन ग्रीनच्या बाजूला, गोदामांच्या गल्लीत, एका जुन्या अनुदानित शाळेत लागलो. मुलं बहुतेक कोकणातल्या कुटुंबांतली. आजोबा गिरणीत होते, वडील आता कुठे कुरिअरमध्ये, कुठे हॉस्पिटलात वॉर्डबॉय. मुलं हुशार, पण भूमितीचा तास आला की डोळे मिटायची. फळ्यावरचा त्रिकोण त्यांना फळ्यावरच ठेवायचा होता. तेव्हा माझ्या डोक्यात आलं, यांच्याकडून चौरस-त्रिकोणांची गोधडी शिवून घ्यावी. कापडाचा काटकोन चुकला तर लगेच दिसतो, मला लाल शाईने खूण करावी लागत नाही. सहकाऱ्यांपैकी एकाने सांगितलं, डब्याकडे जा.

बाईंचं ऑफिस म्हणजे दादरला हिंदमाताजवळ एका साडीच्या दुकानाचा पोटमाळा. दुकान त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीचं, हेमाताईंचं. पावसात खाली पाणी भरतं म्हणून बराचसा माल वरच असे. साड्यांच्या खोक्यांच्या भिंती आणि मधोमध एक टेबल. बुधवारी आणि शनिवारी दुपारी बाई तिथे बसत. खालून कधी एखादं गिऱ्हाईक चुकून वर यायचं. बाई त्याला परत पाठवत नसत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दोन बायका मुलीच्या साखरपुड्याची साडी घेऊन त्यांच्यासमोर उभ्या होत्या.

"हा मोरपंखी चांगला आहे," बाई सांगत होत्या, "पण नवऱ्या मुलीला विचारलंत का? साडी तिने नेसायची आहे."

त्या गेल्यावर माझा नंबर. बाई ठेंगण्या, सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा, चष्म्याला काळी दोरी. मी फाइल पुढे केली. अर्ज मी तीनदा लिहून काढला होता. "माननीय महोदया" पासून "कृपाभिलाषी" पर्यंत सगळं होतं. बाईंनी तो उघडला नाही. बाजूला ठेवला आणि त्यावर चहाचा कप ठेवला.

"मास्तर, अर्ज मी नंतर बघीन. आधी सांग, पोरांचे हात काय करतील?"

"म्हणजे?"

"तू काय करशील ते अर्जात असेल. पोरांचे हात काय करतील?"

मी सांगू लागलो. मापं घेतील, कापतील, जोडतील. बाईंनी खोक्यांमागून एक चिंधी काढून माझ्यासमोर टाकली. "घडी घालून काटकोन करून दाखव."

मी घडी घातली. त्यांनी कापड तिरकं धरून ओढलं, माझा काटकोन तिरपा झाला.

"उरेब ओढलं की कापड पळतं," त्या म्हणाल्या. "तू कधी शिवलंयस?"

"नाही."

"मग पोरांना काय शिकवणार? खाली जा, फॉल-पिको करणारी सविता बसते. चार दिवस तिच्या शेजारी बस. चिंध्या हेमाकडून फुकट ने. मग मी वर्गात येईन." आणि अर्जातला प्रोजेक्टर त्यांनी न वाचताच ओळखला. "प्रोजेक्टर मागितला असशील. तो मिळायचा नाही. प्रोजेक्टरला पोरं हात लावत नाहीत."

बोलताना माझी नजर त्यांच्या टेबलावरच्या पृथ्वीगोलाकडे जात होती. जुना, पत्र्याच्या पायाचा गोल. अंटार्क्टिका स्वच्छ, प्रशांत महासागर निळाशार, आणि भारत जिथे असायला हवा तिथे पांढरा डाग. श्रीलंकाही निम्मी गेलेली.

"कुणी पुसला?" मी विचारलं.

बाई पहिल्यांदा हसल्या. "पोरांनी. प्रत्येक पोर आधी तिथेच बोट ठेवतं ना. आपण इथे, आपण इथे. ठेवून ठेवून गेला भारत."

मग त्यांनी त्या गोलाची गोष्ट सांगितली. डब्यातून घेतलेली ही पहिली मोठी वस्तू. गिरगावातच दुसऱ्या एका शाळेतल्या शिक्षिकेला दिलेली. वर्षाने बाई बघायला गेल्या, तर गोल कपाटावर, प्लास्टिकने गुंडाळलेला, जसा दिला तसा नवा. बाईंनी तिथल्या तिथे तो काखेत मारला, टॅक्सी केली आणि डिलाइल रोडच्या एका शाळेत नेऊन पोरांच्या मध्ये ठेवला. काही वर्षांत पोरांनी त्याचं हे करून टाकलं. ती शाळा बंद पडली तेव्हा बाई गोल परत घेऊन आल्या. "माझं हे मेडल," त्या म्हणाल्या. ही गोष्ट त्या येणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला सांगत असाव्यात. सांगताना प्लास्टिक गुंडाळणाऱ्या त्या शिक्षिकेचा उल्लेख "ती बया" असा येई.

गोष्ट ऐकून मी न विचारताच माझं सांगून बसलो. आमच्या गावच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर काचेचं कपाट होतं. त्यात एक मायक्रोस्कोप होता. पाचवीपासून दहावीपर्यंत मी तो रोज बघितला, काचेबाहेरून. तपासणीला साहेब यायचे तेव्हा शिपाई काच पुसायचा.

बाईंनी कप उचलून माझा अर्ज घेतला आणि नीट घडी करून पिशवीत ठेवला.

मी चार दिवस सविताच्या शेजारी बसलो. येणारी गिऱ्हाइकं मला नवा कारागीर समजून ब्लाउजचे भाव विचारत.

बाईंची वर्गात यायची रीत ठरलेली होती. शाळेच्या एक स्टॉप आधी उतरायचं आणि दप्तर दिसेल त्या पोराबरोबर चालत, शाळेत काय चाललंय ते विचारत यायचं. त्यामुळे फाटकात पोचेपर्यंत त्यांना मुख्याध्यापकांपेक्षा जास्त माहिती असे. दुसरी एक सवय ऐकणाऱ्याला गोंधळात टाकी. मोठ्यांना, मग तो संस्थेचा अध्यक्ष का असेना, त्या "अरे-तुरे" करत. लहान मुलांना मात्र "अहो" म्हणत. कारण विचारलं तर म्हणत, "मोठ्यांना मान द्यायला सगळं जग आहे."

आमचे मुख्याध्यापक गावडे सर. मालवणकडचे, सरळ, भिडस्त गृहस्थ. शाळेवर त्यांचा जीव होता आणि प्रत्येक कागदाचा धसका होता. त्यांनी बाईंसाठी शाल, नारळ आणि पुष्पगुच्छ तयार ठेवला होता.

"गावडे, हा केवढ्याला आणलास?" पुष्पगुच्छ हातात घेऊन बाईंनी विचारलं.

सरांनी चाचरत सांगितलं.

"यात किती कात्र्या आल्या असत्या, हिशेब कर. शाल तूच ठेव, तुझ्या खोलीत पंखा फार लागतो. नारळ मात्र फोडा आणि पोरांना वाटा."

शिपाई मोरे नारळ घेऊन गेला तो हसतच. बाई वर्गात आल्या आणि खुर्ची नाकारून शेवटच्या बाकावर, रिद्धी आणि ओंकारच्या मधे बसल्या. रिद्धी म्हणजे कोपऱ्यातली, कमी बोलणारी मुलगी. तिची आई केईएममध्ये आया होती. ओंकार वर्गातला सगळ्यात जास्त बोलणारा.

मुलं हाताने शिवत होती. काटकोन त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंवर चौरस, प्रत्येक चौरस सारख्या ठिगळांचा. लहान दोन चौरसांत मिळून जितकी ठिगळं, तितक्याच ठिगळांत मोठा चौरस भरला पाहिजे, तर पायथागोरस खरा. कागदावर मुलांनी हे केलं होतं. कापडावर जमत नव्हतं.

"काय हो रिद्धी," बाईंनी विचारलं, "तुमचे सर डब्याकडे मशीन मागतायत. हाताने छान चाललंय की. मशीन कशाला?"

रिद्धी पुढ्यातली ठिगळं चाळू लागली. ओंकार मधे पडला, "बाई, मशीनने फास्ट होतं."

"तुम्हाला कुठे गाडी पकडायची आहे?"

वर्ग हसला. मग रिद्धीने दोन ठिगळं उचलून बाईंच्या मांडीवर ठेवली. "बाई, हे बघा. कापताना दोन्ही सेम होती. हे मी शिवलं, हे ओंकारने. शिवणीत कापड जातं ना. माझं थोडं जातं, त्याचं जास्त जातं. म्हणून चौरस जुळत नाय. मशीनवर सगळ्यांचं सेम जाईल. मग जुळतं का नाय ते बघता येईल."

"आणि नाहीच जुळलं तर?"

"मग आमची चूक नाय, असं तरी कळेल."

बाईंनी ती दोन ठिगळं एकमेकांवर ठेवून उजेडात धरली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मास्तर, तुझ्या तीन पानांत हे नव्हतं."

पुढच्या बुधवारी मशीन मिळालं. काळं, चाकाला लाकडी मूठ, अंगावर सोनेरी वेलबुट्टी. मुलांनी त्याच्याभोवती गर्दी केली ती दोन दिवस हटली नाही.

आता जे सांगायचं आहे त्यात कुणाचाच वाईट हेतू नव्हता, हे आधीच सांगतो. मशीन येऊन महिनाही झाला नसेल, ओंकारचं बोट सुईखाली गेलं. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, पट्टी बांधली. दुसऱ्या दिवशी त्याची आई आली ती मला विचारायला, "सर, ह्याने कामात काय खराब तर नाय ना केलं?" पण गावडे सरांची झोप उडाली होती. त्यांनी मशीनची डेड स्टॉक रजिस्टरमध्ये नोंद केली. शाळेची मालमत्ता त्यात चढवतात. एकदा तिथे चढलेली वस्तू वर्षानुवर्षं तपासणीला जागच्या जागी आणि शाबूत दाखवावी लागते. मग सरांनी मशीन आपल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवलं आणि किल्ली खिशात घातली.

"तपासणी होऊ दे, मग बघू," ते म्हणाले. तपासणीनंतर परीक्षा आली, परीक्षेनंतर सुट्टी. मी पुन्हा पुन्हा मागत राहिलो आणि सर दर वेळी तितक्याच नम्रपणे "देतो, देतो" म्हणत राहिले. मुलं नववीत गेली. गणित त्यांचं माझ्याकडेच राहिलं आणि गोधडीही अर्धीच राहिली. लहान दोन चौरस मशीनवर झालेले, ते आणि मोठ्याची सुटी ठिगळं पिशवीत. रिद्धीने ती पिशवी घरी न नेता वर्गाच्या खिडकीला टांगून ठेवली होती, दिसत राहावी म्हणून.

आणि बाईंचा निरोप आला, येत्या आठवड्यात येते.

काय होणार ते मला माहीत होतं. मशीन टॅक्सीत बसून दुसऱ्या शाळेत जाणार, आणि आमच्या शाळेचं नाव डब्याच्या टेबलावर "ती बया" सारखं घेतलं जाणार. मोरेने मला जिन्यात गाठलं. "सर, किल्ली मी मागून घेतो. पॉलिशपेपर पण आणतो. दहा मिनिटांत मशीनला म्हातारं करून देतो, बाईंना पत्ता लागणार नाय."

मला हसू आलं, आणि नको म्हणालो. बाईंचा हात एकदा चाकावरून फिरला असता तर त्यांना पॉलिशपेपरचा नंबरसुद्धा कळला असता.

बाई आल्या. शेवटच्या बाकावर बसल्या. "मशीन आणा," म्हणाल्या. मोरेने ते समोर ठेवलं. वेलबुट्टी लखलखत होती. बाईंनी लाकडी मुठीवरून अंगठा फिरवला.

"ह्या काय रे मास्तर?" रागावल्या की त्यांची मालवणी बाहेर यायची. "हेच्या अंगावरची हळद पण उतरूक नाय अजून."

"कपाटात होतं, बाई."

"मी ठेवलं," गावडे सर दारातून म्हणाले. "त्याची काही चूक नाही."

"चूक कुणाची ते मी विचारलं नाही. मी हे घेऊन जाते. शिवडीला एक शिक्षिका थांबली आहे." बाई उठल्या.

तेव्हा रिद्धी उठून खिडकीकडे गेली. पिशवी काढून तिने ती मशीनशेजारी ठेवली. "बाई, न्या. पण गोधडी अर्धीच आहे. हे दोन चौरस मशीनचे आहेत. तिसरा हाताने केला तर जुळणारच नाय. मग सर बोलले ते खरं का खोटं, ते आम्हाला कधीच नाय कळणार."

बाईंनी पिशवीत हात घातला, ठिगळं वरखाली केली, आणि परत बाकावर बसल्या. मग त्यांनी गावडे सरांकडे बघितलं. आवाज उतरला होता.

"गावडे, कपाटात का ठेवलंस रे?"

हा प्रश्न सरांना तोवर कुणी विचारला नव्हता. मीही नाही. मी फक्त किल्ली मागत होतो. सरांनी सांगितलं. नोकरीला लागले तेव्हा दुसऱ्या एका शाळेत स्टॉक त्यांच्याकडे होता. गॅदरिंगच्या गडबडीत शाळेची बाजाची पेटी गेली. कुणी नेली, कळलं नाही. पैसे त्यांच्या पगारातून कापले गेले. घरी नवीन बाळ होतं. पैशाचं एक वेळ सोडा, पण पुढची कित्येक वर्षं स्टाफरूममध्ये गाणं निघालं की कुणीतरी त्यांच्याकडे बघून खोकायचं.

"तेव्हापासून, बाई, वस्तू हातात आली की मला आधी ती हरवलेली दिसते."

बाई ऐकत होत्या. त्यांनी चष्मा काढून दोरीवर सोडला. मग कुणाला म्हणून नाही, असं पुटपुटल्या, "हे मी त्या गिरगावच्या बाईला विचारलंच नाही."

पुढे जे झालं ते आमच्या शाळेत अजून सांगितलं जातं. बाई म्हणाल्या, "डेड स्टॉकातून ह्याचं नाव खोड."

"खोडता येत नाही. ऑडिटला काय सांगू?"

"मग लिही, देणाऱ्याने परत नेलं. नेलं की नोंद बंद होते ना?"

"होते. पण न्यायला हवं."

"नेते. मोरे, उचल."

मोरेने मशीन उचललं. पुढे बाई, मागे मोरे, त्यांच्यामागे हातात रजिस्टर घेऊन गावडे सर, आणि सगळा वर्ग. वरात जिना उतरली, फाटकाबाहेर गेली. गोदामाचे हमाल हातगाडी थांबवून बघत राहिले. बाईंनी फूटपाथवर उभं राहून मशीनला हात लावला आणि रजिस्टरवर "परत मिळाले" अशी सही केली. मग गावडे सरांकडून एक कोरा कागद मागून घेतला आणि मोरेच्या पाठीवर ठेवून लिहिलं की हे मशीन डब्याचं आहे, शाळेचं नाही. मुलांना वापरायला दिलं आहे. मोडलं, हरवलं, तर ते कुमुदिनी तावडे यांचं मोडलं, त्यांचं हरवलं.

"घे," कागद सरांना देऊन त्या म्हणाल्या. "आता पेटीसारखं गेलं तर लोक मला खोकतील. चला हो मंडळी, आत."

आणि वरात परत वर आली. त्या दिवसानंतर डब्याने कुठल्याही शाळेला वस्तू दिली नाही. दिली ती मुलांना, वापरायला. फोटोची आणि नावाची अट तशीच राहिली, पण वर्षभराने वस्तू नवी दिसली तर न्यायची ही अट गेली. तिच्या जागी बाईंचा तो एक प्रश्न आला, का ठेवलंस. हा बदल त्यांनी जाहीर केला नाही. बोलायचं म्हणून त्यांनी मला एवढंच सांगितलं, "मास्तर, माणसाने म्हातारपणी थोडं हळू बघायला शिकावं."

नंतर काही दिवसांनी सुया आणायला हिंदमाताला गेलो, तेव्हा टेबलावर पृथ्वीगोल नव्हता. मी बघतोय हे बाईंच्या लक्षात आलं.

"गिरगावला दिला. तिला."

"त्या अजून आहेत तिथे?"

"निवृत्त झाली. घर शोधलं, ठाकुरद्वारला. मला बघून दार लावून घेते की काय वाटलं. चहा केला तिने." बाई टेबलावरच्या रिकाम्या जागेवरून हात फिरवत होत्या. "वर्गाचं छप्पर गळायचं रे. पत्र्याचा पाय गंजू नये म्हणून ती गोल पावसाळ्यात गुंडाळून ठेवायची. मी गेले तो पावसाळा होता. ते प्लास्टिक म्हणजे तिचा स्वतःचा रेनकोट होता, कापलेला. त्या वर्षी ती भिजत शाळेत जात होती, आणि मी तिला इतकी वर्षं बया म्हणत होते."

"मग?"

"मग काय, गोल तिच्या मांडीवर ठेवला. तिने पण आधी तिथेच बोट ठेवलं."

खालून हेमाताईंनी हाक मारली, वर गिऱ्हाईक येतंय. बाईंनी डोळे पुसले, चष्मा लावला आणि जिन्याकडे बघून म्हणाल्या, "या, या. लग्नाची की बारशाची?" मी निघालो. बाईंना मी शेवटचं बघितलं ते असं, साड्यांच्या खोक्यांमध्ये, रिकाम्या टेबलामागे, अनोळखी बाईच्या खांद्यावर पदर टाकून रंग बघताना.

पुढे थोड्याच दिवसांत त्यांचे गुडघे गेले आणि भाची त्यांना कुडाळला घेऊन गेली. डबा आता हेमाताई आणि आम्ही काही शिक्षक मिळून बघतो. बाईंना फोनवर नीट ऐकू येत नाही. म्हणून परवा मी त्यांना पत्र लिहिलं. ते असं :

ती. तावडेबाईंना,
सा. न. वि. वि.

"कृपाभिलाषी" लिहिणार नाही, त्यावर तुम्ही कप ठेवाल.

मशीन खराब झालं आहे. चाकाची मूठ फिरवून फिरवून बारीक झाली होती, ती गेल्या महिन्यात तुटली. वेलबुट्टीतलं एकच पान उरलं आहे, तेही मागच्या बाजूला, जिथे कुणाचा हात जात नाही. मोरे म्हणतो, पॉलिशपेपरने सुद्धा इतकं झालं नसतं. गावडे सर निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात त्यांनी तुमचा फूटपाथवरचा कागद खिशातून काढून वाचून दाखवला. आता तो माझ्याकडे आहे. मूठ बसवून घेतो आहोत.

गोधडी जुळली, हे तुम्हाला तेव्हाच कळवलं होतं. आता ती मधोमध विरली आहे. दर वर्षी नवीन आठवी ती उसवते आणि परत शिवते, त्यामुळे कर्णावरच्या चौरसात आता निम्मी ठिगळं नवी आहेत. रिद्धी डी.एड.ला आहे. सुट्टीत येऊन मुलांना शिवण सारखी कशी घ्यायची ते दाखवते. मुलांना "अहो" म्हणते. कुणाकडून शिकली, ते मी तिला विचारलं नाही.

आणखी एक सांगायचं होतं, खरं तर त्यासाठीच लिहितो आहे. दिवाळीनंतर गावी गेलो होतो. आमच्या शाळेतलं ते काचेचं कपाट अजून तिथेच आहे. आत मायक्रोस्कोप आहे. आताचे मुख्याध्यापक माझ्यापेक्षा लहान आहेत. पूर्वी मी गेलो असतो तर त्यांच्याशी भांडलो असतो. या वेळी तुमच्यासारखं विचारलं, का ठेवलाय? ते म्हणाले, सर, मला तो लावता येत नाही, आणि हे कुणाला सांगणार?

मग आम्ही दोघांनी मिळून कुलूप उघडलं. मलाही येत नव्हतं. भिंगावर बुरशी आली आहे. कांद्याची साल ठेवली, तर आत धुकं दिसलं आणि धुक्यात काही रेघा. मुलांची रांग लावली होती. प्रत्येक मूल डोळा लावायचं, काही दिसलं नाही तरी "दिसलं" म्हणायचं, आणि परत रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहायचं. शाळा सुटली तरी रांग संपली नाही. शेवटी मीही रांगेत उभा राहिलो.

भिंगं साफ करून घ्यायला मायक्रोस्कोप मुंबईला आणला आहे. पुढच्या महिन्यात परत नेऊन देईन. त्या मुख्याध्यापकांनी डब्याकडे अर्ज पाठवला आहे. तीन पानी आहे. मी तो वाचला नाही. त्यांना फोन करून विचारलं, पोरांचे हात काय करतील?

तब्येतीला जपा.

आपला,
दत्ता मास्तर